कोंबडी हाकलणारी बाई

गौतमीचा फोन लागत नाही, ही गोष्ट जयाने दोन दिवस घरात कुणालाच सांगितली नव्हती.

सांगणार तरी कुणाला? तिचा नवरा हैबतराव पहिल्यापासून या प्रवासाच्या विरोधात. पोरगी पाठीवर बोचकं टाकून एकटी परदेशात हिंडणार, हे त्यांना पटलेलंच नव्हतं. "जायचं तर टूरवाल्यांबरोबर जा, धा मानसं असत्यात, जेवनखान असतंय," असं त्यांनी किती वेळा सांगितलं. पण गौतमी बापाच्या वरताण. पुण्यात बावधनच्या एका ऑफिसात ती नोकरीला होती. भरे गावातल्या घरून स्कूटरवर जाऊन-येऊन तिने दोन वर्षं नोकरी केली, हॉटेलात जाणं सोडलं, नवे कपडे सोडले आणि स्वतःच्या पैशाने व्हिएतनामचं स्वस्तातलं तिकीट काढलं. रस्त्याकडेची जमीन विकल्याचे बापाचे पैसे बँकेत होते. त्यातला रुपया तिने घेतला नाही. "माझ्या पैशात जेवढं होईल तेवढंच बघणार," म्हणाली.

आणि गेली. रोज संध्याकाळी आईला फोन करायची. एका खोलीत आगगाडीसारख्या एकावर एक खाटा, तिथे झोपायची. सकाळी रस्त्यावर पातळ रश्शातल्या शेवया खायच्या, त्यावर दिवस काढायचा. गावाहून गावाला जायला तिथल्या लोकांच्या गाड्या, त्यात माणसांबरोबर तांदळाची पोतीसुद्धा. जया हे सगळं ऐकायची आणि हैबतरावांना सांगताना त्यातल्या खाटा आणि पोती गाळून टाकायची.

शेवटच्या फोनवर गौतमी म्हणाली होती, "आई, आता डोंगरात चाललीय. आपल्या कोळवणच्या खोऱ्यासारखीच भातखाचरं आहेत, पण पार शेंड्यापर्यंत. एखाद दिवस रेंज नसेल. घाबरू नकोस."

एखाद दिवस गेला. दुसराही गेला. जया रात्री उठून उठून फोन बघायची. पाठवलेल्या निरोपापुढे एकच खूण दिसायची, दुसरी काही उमटत नव्हती. दिवसा ती कामाला भिडायची. कुणी विचारलंच तर, "व्हय, बरी हाय की," म्हणायची, आणि तोंड फिरवायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती फुलाबाईबरोबर अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. फुलाबाई डोंगरातल्या वाडीवरची. सुगीपासून या घरी रोजाने यायची. थंडीचे दिवस, ऊन नुकतं अंगणात उतरलं होतं. तेवढ्यात जयाचा फोन वाजल्यासारखा झाला आणि गप्प बसला. तिने पदराला हात पुसले आणि बघितलं. नंबर अनोळखी, लांबलचक, पुढे अधिकची खूण. त्यावरून कुणीतरी आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता.

जयाने त्यावर बोट टेकवलं.

एका बाईचा आवाज होता. मोठा, खणखणीत. भाषा कळत नव्हती. शब्द कधी वर चढत, कधी धाडकन खाली पडत. बाई बोलत होती, थांबत होती, परत बोलत होती. गौतमीचं नाव त्यात कुठे नव्हतं. निदान जयाला तरी ऐकू आलं नाही.

"कोन हाय, वहिनी?" फुलाबाईने विचारलं.

"काय की. भाषाच उमगंना."

फुलाबाई शेंग हातात धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "आमची आज्जी तिच्या वाडीच्या बोलीत आशीच बोलायची. दवाखान्यात कुनाला काय कळायचं न्हाई. मंग ती आनखी मोठ्यानं बोलायची."

जयाने त्या नंबरवर फोन लावला. लागला नाही. परत लावला. नाहीच. आता मात्र तिच्याने राहवेना. रात्रपाळी करून झोपलेल्या अमोलला, थोरल्या लेकाला, तिने हलवून उठवलं.

"आमू, ऊठ. गौतमीचा दोन दिस झालं फोन न्हाई. आन आता ह्ये आलंय."

अमोल डोळे चोळत उठला आणि तिच्याकडे बघत राहिला. "दोन दिवस? आई, आणि तू आत्ता सांगतीयेस?"

"तू आदी ऐक."

त्याने ऐकलं. मग भाषांतराचं ॲप काढून त्यात तो आवाज ऐकवला. ॲपने जरा विचार केला आणि लिहून दाखवलं: पाण्याखाली भाऊ, सात मीठ, लांब भात. अमोलने परत ऐकवलं. या वेळेला निघालं: काकांचा डोंगर गोड आहे का.

"ह्याचा काय अर्थ?" जया म्हणाली.

"काही नाही. ह्यालाही कळत नाहीये."

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. हैबतराव हरभऱ्याला पाणी देऊन आले होते. दारातून आत येता येता त्यांनी दोघांची तोंडं बघितली आणि डोक्याचं मुंडासं सोडलंच नाही.

"काय झालं?"

अमोल बोलायला लागला तसं जयाने त्याला थांबवलं आणि स्वतःच सगळं सांगितलं. हैबतराव ओरडतील असं तिला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. खाटेच्या कडेला टेकले. तिथूनच म्हणाले, "दोन दिस तू येकटीच ह्ये घिऊन बसलीस व्हय? मी काय मेलो हुतो?"

त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं, असं जयाला झालं.

"त्यांचा नंबर आपल्याकडं कसा?" हैबतराव म्हणाले. "म्हंजे, आपला त्यांच्याकडं?"

तेव्हा जयाच्या ध्यानात आलं. गौतमी निघाली त्याच्या आदल्या दिवशी जयानेच काळ्या शाईच्या जाड पेनाने तिच्या बॅगेच्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्वतःचा नंबर, पुढे अमोलने सांगितलेला एक्क्याण्णवचा आकडा घालून, लिहिला होता, भांड्यांवर नाव घालतात तसा ठसठशीत. गौतमी वैतागली होती. "आई, मी काय बालवाडीत चाललीय का?" तो नंबर कुणीतरी बघितला असणार. म्हणजे बॅग त्या बाईजवळ आहे. पण बॅग कुणाही जवळ असू शकते. हा विचार तिने तोंडातून बाहेर काढला नाही. हैबतरावांच्या चेहऱ्यावर तो तिच्या आधीच आलेला होता.

अमोलला एक आठवलं. गौतमी राजधानीच्या शहरात ज्या खाटांच्या लॉजवर उतरली होती, त्याचा पत्ता तिने त्याला पाठवला होता. त्याने तिथे फोन केला. काउंटरवर एक मुलगी होती, तिला थोडंफार इंग्रजी येत होतं. अमोलने तिला आवाज पाठवला. "ऐकून सांगते," म्हणाली.

ती सांगेपर्यंत तिघंही ओट्यावर उभेच होते. फुलाबाई शेंगांचं सूप बाजूला सारून भिंतीला टेकून बसली होती.

निरोप आला. अमोलने वाचला आणि परत एकदा वाचला.

"काय म्हनती?" हैबतराव म्हणाले.

"ती म्हणतीये, ही आमची भाषा नाही, डोंगरातल्या लोकांची आहे. तिला एक-दोनच शब्द कळले."

"कोनचे?"

"मुलगी... झोपलीय. असं काहीतरी. बाकी कळत नाही म्हणाली. त्या नंबरवर आम्ही पण फोन करून बघतो म्हणाली."

झोपली. आपल्याकडेही तो शब्द किती तऱ्हेने वापरतात! हैबतरावांनी मुंडासं सोडलं आणि हातात धरून ते तसेच उभे राहिले. मग अमोलला म्हणाले, "पासपोर्ट काडायला किती दिस लागत्यात?"

"आप्पा..."

"मी इचारतोय त्ये सांग. किती दिस?"

तुळजापूर, फार तर गोवा, त्याच्या पलीकडे कधी न गेलेला माणूस. त्यांचा आवाज असा झालेला जयाने लग्नानंतर एकदाच ऐकला होता, त्यांचा भाऊ गेला तेव्हा. तिने अमोलच्या हातातून आपला फोन घेतला, ओट्याच्या पायरीवर बसली आणि तो आवाज परत लावला. या वेळेला शब्दांच्या मागे न लागता, कान देऊन.

बाई बोलतेय. मागे काहीतरी ठक ठक चाललंय. कुणी लाकूड फोडतंय किंवा कांडतंय. कोंबड्या आहेत. एक कोंबडी अगदी जवळ आली, कुकुक करायला लागली. मग बाईचा आवाज बाजूला वळला, "श्श् श्श्" असं काहीतरी झालं, पंख फडफडले. बाई परत फोनकडे आली आणि तिथूनच पुढे बोलायला लागली. थोड्या वेळाने परत तेच. या वेळेला बाई कोंबडीला चार शब्द बोललीसुद्धा, तिथे कुणीतरी हसलं, आणि ती स्वतःही हसली.

जया उठून उभी राहिली.

"अवं, पोरगी बरी हाय."

"कशावरनं?"

"वाईट खबर देनारी बाई मधीच कोंबडी हाकलती व्हय? तुमीच सांगा. कुनाच्या पोरीचं बरंवाईट झालं आसतं तर तिचा आवाज आसा निगाला आसता? ह्ये ऐका. हितं. हासतीया ती."

अमोल म्हणाला, "आई, त्यांच्याकडची बोलायची रीतच वेगळी असेल..."

"आसंल. पर कोंबडी तीच न्हवं का?"

फुलाबाई भिंतीपासून म्हणाली, "वहिनी बरुबर म्हनत्यात. ही बाय काय तरी इचारतीया. शेवटाला आवाज कसा वर जातो बगा."

अमोलने परत ऐकलं. वर जात होता खरा. पण त्या भाषेत आवाज सगळीकडेच वर जात होता, त्यामुळे त्याला खात्री वाटेना. तो आत जाऊन लॅपटॉपवर वकिलातीचा नंबर शोधायला लागला.

दुपार झाली. चूल तशीच राहिली, गॅसही कुणी पेटवला नाही. हैबतरावांनी जयाचा फोन मागून घेतला आणि अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत तो आवाज कानाला लावून ऐकत राहिले. संपला की परत लावायचे. पेंढ्याच्या उडवीजवळ जाऊन थांबायचे, परत फिरायचे. घरामागे भाड्याने दिलेल्या खोल्यांमधला एक बिहारी कामगार पाणी भरायला आला, त्याने विचारलं, "क्या हुआ, बाबूजी?" तर त्याला हाताने नुसतंच थांब म्हणाले.

शेवटी ते जयाजवळ येऊन पायरीवर बसले. एवढ्या जवळ ते चारचौघांत कधी बसत नसत.

"कोंबडी हाकललीच ना गं तिनं? नक्की?"

"व्हय. दोनदा."

त्यांनी मान हलवली. मग परत ऐकायला लागले.

ऊन कलायला लागलं तेव्हा फोन हैबतरावांच्या हातातच वाजला. तोच लांबलचक नंबर. त्यांनी दचकून तो जयाच्या मांडीवर टाकला, जणू हाताला चटका बसला. जयाने उचलला. खरखर, खरखर, मग कुणाचं तरी न कळणारं बोलणं, आणि मग:

"आई? आई, मी बोलतेय. रडू नकोस, मी बरी आहे."

"कुटं हुतीस गं भवाने!" जया इतक्या मोठ्याने ओरडली की अमोल आतून धावत आला. "तीन दिस! तीन दिस जीव टांगनीला लावलास! आन वर मलाच म्हनतीया रडू नगो!"

आणि एवढं बोलून ती रडायला लागली. तिच्या हातातून फोन अमोलने घेतला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

गौतमी थकल्यासारखी, पण नीट बोलत होती. झालं ते असं. डोंगरातल्या एका गावातून दुसऱ्या गावाला ती चालत निघाली होती. गाडीचे पैसे वाचतील आणि खाचरंही बघता येतील म्हणून. मधे ओढा होता. शेवाळलेल्या दगडावर पाय सटकला, कमरेएवढ्या पाण्यात गेली, फोन वाहून गेला. तिथे थंडी अशी की हाडं वाजावीत. ओल्या कपड्यांत चालत चालत पहिलं जे घर दिसलं तिथे पोचेपर्यंत तिला हुडहुडी भरली होती. घरातल्या बाईने काही विचारलं नाही. हाताला धरून चुलीपाशी नेलं, स्वतःचे कपडे दिले, कसलासा पाला उकळून पाजला. त्यापुढचं गौतमीला नीट आठवत नव्हतं. ताप होता, नुसती झोपून होती.

"घरात फोन नाही गं त्यांच्या. रेंजच नाही. काल ताप उतरला, तरी मी नुसती झोपूनच होते. बॅग वाळत घातलेली होती, त्यावर तुझा नंबर दिसला त्यांना. आज सकाळी खालच्या रस्त्यावरचा दुकानदार सामान द्यायला वर घरी आला होता, त्याच्या फोनवर बोलल्या त्या. तो खाली उतरताना मधेच कुठे रेंज आली तेव्हा ते तुला पोचलं असणार. आता मी चालत आलेय दुकानात, त्याही आल्यात. मला एकटीला सोडतच नव्हत्या."

"तिला काय इचारायचं हुतं पर?" जया डोळे पुसत म्हणाली. "येवढं लांबलचक काय बोलली ती?"

पलीकडे गौतमीने कुणाला तरी इंग्रजीत विचारलं. दुकानदाराची सून मधे होती, तिला इंग्रजी येत होतं आणि डोंगराची भाषाही. विचारणं, सांगणं, परत विचारणं चाललं. मग गौतमीच हसायला लागली, आणि हसता हसता खोकायला लागली.

"आई, ती म्हणत होती, तुमची मुलगी झोपलीय, ताप उतरलाय. पण हिला मी कोंबडी कापून घालते म्हटलं तर ही हात जोडते आणि नको नको म्हणते. डुकराचंही खात नाही. मग हिला घालू काय? हिला ताकद कशी यायची? तुम्ही हिला घरी काय घालता ते सांगा."

मग हैबतराव एकदम हसले. पोट धरून, मान मागे टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दोन वर्षांपूर्वी गौतमीने मटण-कोंबडी सोडली होती, आणि तेव्हापासून दर रविवारी या घरात त्यावरून वाद व्हायचा.

"बगा! बगा!" ते फोनकडे तोंड करून ओरडले. "मी सांगत हुतो का न्हाई? खात जा म्हनून! तितली बाई पन त्येच म्हनतीया!"

"आप्पा, तुम्ही पण तिथंच?"

"मंग कुटं आसनार? हितंच हाय सकाळधरनं." ते फोनकडे वाकले. "बरी हाईस ना, बाळा?"

"बरी आहे, आप्पा. खरंच."

जयाने फोन ओढून घेतला. "त्या बाईला सांग, मऊ भात घाल म्हनावं. त्यांच्यात भात असतोच की. लई पानी घालून शिजवायचा, वर मीठ. आन अंडं तर चालतंय की तुला. त्ये तरी खा. उकडून. आन सांग तिला..." तिला पुढचं सुचेना. एवढ्या लांब, कधी न बघितलेल्या बाईला काय सांगायचं असतं? "सांग तिला, माज्या पोरीला जपलंस, तुजं लई बरं हुईल."

गौतमीने सांगितलं. दुकानदाराच्या सुनेने पुढे सांगितलं. मग तो खणखणीत आवाज थेट फोनवर आला. बाई दोन-चार वाक्यं बोलली. जया "व्हय, व्हय" म्हणत राहिली. एक शब्द कळला नाही, पण तिने मधेच थांबवलंही नाही.

"कशी दिसती गं ती?" नंतर जयाने विचारलं. तिला डोळ्यांपुढे चांगली आडव्या बांध्याची, थोराड बाई दिसत होती.

"काडीसारखी आहे. माझ्या खांद्याएवढी. पण मला हाताला धरून जवळजवळ उचलूनच नेलं चुलीपाशी."

हैबतरावांनी घसा खाकरला. जयाला माहीत होतं आता काय येणार. "ये आता घरी. बास झालं हिंडनं," असंच येणार. आणि गौतमी नाही म्हणणार, आणि फोनवरच जुंपणार. पलीकडे गौतमीही तेच ऐकायच्या तयारीत असावी.

"आजून किती दिस हाय तुजं?" हैबतराव म्हणाले.

"आठवडाभर, आप्पा. तिकीट बदलता येत नाही, पैसे..."

"पैशाचं न्हाई इचारलं. म्हंजे आटवडा हाय." त्यांनी बोटांवर मोजलं. "मंग त्या बाईकडं आनखी दोन दिस ऱ्हा. अंगात ताकद येऊ दे. मंग पुढं काय बगायचं त्ये बग. पर नवा फोन घे पयला. आन त्यो मी घेनार, तू मधी बोलायचं न्हाई."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बरं, आप्पा."

फोन बंद झाला. फुलाबाईने न विचारता आत जाऊन चहा टाकला, आलं ठेचून, गूळ घालून. तो पिताना जयाला कळलं की सकाळपासून आपल्या घशाखाली पाण्याचा घोटही गेलेला नाही.

"वहिनी, मी निगते," फुलाबाई म्हणाली. "पोरं वाट बगत आसतील."

"थांब. जेवून जा. मी आत्ता टाकते भात."

"आता कुटं? सांज झाली."

"हुंदे."

त्या दिवशी त्या घरात दुपारचं आणि रात्रीचं जेवण एकच झालं. वालाची आमटी, भात, भाकरी, कांदा. अमोलने वकिलातीला लिहायला घेतलेला मजकूर अर्धवटच पुसून टाकला आणि दोन ताटं वाढून घेतल्यासारखा जेवला. हैबतरावांनी तीनदा भात मागितला. लॉजवरच्या मुलीला अमोलने कळवलं, तर तिने उड्या मारणाऱ्या सशाचं चित्र पाठवलं. ते फुलाबाईने बघायला मागितलं आणि खूप वेळ बघितलं.

जेवून हैबतराव अंगणातल्या खाटेवर आडवे झाले आणि बघता बघता घोरायला लागले. थंडी पडत होती. जयाने आतून गोधडी आणून त्यांच्या अंगावर घातली, तर त्यांनी डोळे न उघडताच तिचा हात धरला आणि लगेच सोडला.

सकाळी ती पाणी तापवायला उठली तेव्हा ते कुंपणापाशी उभे होते. पलीकडे शेजारच्या सारजाबाई शेण काढत होत्या आणि हैबतराव त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते:

"आमची गौतमी व्हय? ती व्हिएतनामला हाय सद्या. डोंगरात. आवं, लई भली मानसं तितली! आन एकटी गेलीया ती, कुना टूरवाल्याच्या मागं न्हाई लागली."